आजोबांच्या वहीतलं 'जायचो-यायचो' इंग्रजीत कसं न्यायचं? यूज्ड टू, वुड की साधा भूतकाळ?

गिरणगावची_नात

नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांनी लालबागच्या चाळीतल्या लहानपणाच्या आठवणी एका वहीत लिहून ठेवल्यात. माझी चुलत भावंडं न्यू जर्सीत वाढलेली, मराठी बोललेलं समजतं पण वाचता येत नाही, म्हणून मी ती वही त्यांच्यासाठी इंग्रजीत करायला घेतलीये. पहिल्या दोन पानांतच गाडी अडकली. आजोबांचं जवळजवळ प्रत्येक वाक्य 'यचो' नाहीतर 'यचे'वर संपतं. नमुना देते -

'आम्ही दहा बाय दहाच्या खोलीत सात जण राहायचो. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की अख्खी चाळ उठायची. आई खानावळ चालवायची, गिरणीतली एकटी माणसं आमच्याकडे जेवायला यायची. वडील रात्रपाळी करून घरी यायचे तेव्हा आम्ही शाळेत गेलेलो असायचो. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायचो. मधला भाऊ सारखा कुणाशी तरी भांडत असायचा. एकदा बोटीत त्याने टोपी समुद्रात टाकली आणि वडिलांनी त्याला तिथेच झोडपला.'

मी सरळ सगळीकडे यूज्ड टू लावत गेले आणि मग वाचून बघितलं तर एका परिच्छेदात आठ यूज्ड टू, डोकं दुखायला लागलं. मैत्रीण म्हणाली निम्म्या ठिकाणी वुड टाक. ऑफिसातला एक जण म्हणतो वॉज गोइंग, वॉज ईटिंग असं कर कारण 'जात होतो' म्हणजे कंटिन्यूअस. आता तिन्ही पर्याय बघून काहीच कळेनासं झालंय. भूतकाळात परत परत घडणाऱ्या गोष्टींसाठी नक्की कुठला काळ कुठे वापरायचा? नियम सांगितलात तरी चालेल पण शक्यतो याच वाक्यांवर सांगा प्लीज.

निवृत्त_मास्तर

नाते, आधी ऑफिसातल्या त्या गृहस्थांचं ऐकू नकोस, बाकी सगळं नंतर बघू. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, आणि मराठी मुलांच्या वहीत सगळ्यात जास्त लाल शाई मी याच एका गोष्टीवर घालवलीये. 'आय वॉज गोइंग टू स्कूल बाय ट्राम.' इंग्रजी माणूस हे वाचतो आणि थांबतो, त्याला वाटतं बरं, ट्रामने चालला होतास, मग वाटेत काय झालं? त्याच्या कानाला वॉज गोइंग म्हणजे त्या क्षणी रस्त्यात असणं. आपल्याकडे 'जात होतो' दोन्ही कामं करतं, 'मी जात होतो तेवढ्यात पाऊस आला' हेही आणि 'मी त्या शाळेत जात होतो' हेही. इंग्रजीत ते एकच रूप दोन्हीकडे चालत नाही.

गंमत म्हणजे सवय दाखवायला आपल्या मराठीत वेगळी सोय आहे. शाळेत रीतिभूतकाळ शिकला असशील, 'मी जात असे'. जुन्या लेखनात 'तो जाई, ती म्हणे', आणि बोलताना 'जायचो'. म्हणजे आजोबांनी वहीत काळ अगदी बरोबर वापरलाय. घोळ होतो तो आपण मनातल्या मनात जायचो-चं जात होतो करतो आणि मग त्याचं इंग्रजी करतो तेव्हा.

आता मुद्द्यावर. तुझा मुख्य काळ साधा भूतकाळ, सिंपल पास्टच. लोकांना वाटतं वेंट म्हणजे एकदाच गेला. तसं काही नाही. 'एव्हरी मे वी वेंट टु द व्हिलेज बाय स्टीमर' यात एव्हरी मे हे शब्द आले, सवय कळली, क्रियापदाने वेगळं काही सांगायची गरज उरली नाही. ऑफन, ऑल्वेज, एव्हरी मॉर्निंग, व्हेनेव्हर यातलं काहीही असलं की वेंट पुरेसं आहे.

यूज्ड टू कधी, तर जेव्हा तुला 'तेव्हा होतं, आता नाही' हे मुद्दाम दाखवायचंय तेव्हा. 'स्टीमर्स यूज्ड टू रन फ्रॉम भाऊचा धक्का टु द कोंकण' हे चपखल बसतं, कारण त्या बोटी गेल्या, कोकण रेल्वे आली, ते जग संपलं. सवय असो की नुसती स्थिती असो, यूज्ड टू दोन्हीला चालतं. यूज्ड टू लिव्ह, यूज्ड टू बी, यूज्ड टू हॅव, सगळं.

वुड मात्र फक्त कृतीला. इथेच मैत्रिणीचा सल्ला घात करेल. 'वी वुड लिव्ह इन वन रूम' लिहिलंस तर सवयीचा अर्थ निघणारच नाही, 'आम्ही राहिलो असतो' असं काहीतरी जर-तरचं ऐकू येईल. राहणं, असणं, आवडणं, माहीत असणं, मालकीचं असणं या स्थिती झाल्या, तिथे वुड नको. उठणं, स्वयंपाक करणं, बोटीत चढणं या कृती, तिथे खुशाल. आणि वुड आधी मैदान आखून मागतं. एकदम पहिलंच वाक्य वुडने सुरू केलं तर वाचकाला कळत नाही कुठला काळ चाललाय. आधी 'व्हेन आय वॉज अ बॉय इन लालबाग' असं काहीतरी हवं, मग वुड.

भांडकुदळ भावासाठी मात्र तुला वॉज वापरायला मिळेल हो, तेवढी मजा कर. 'माय ब्रदर वॉज ऑल्वेज पिकिंग फाइट्स.' ऑल्वेज, फॉरेव्हर, कॉन्स्टंटली यांच्याबरोबर कंटिन्यूअस आला की सांगणाऱ्याचा वैताग किंवा कौतुक त्यात उतरतं. आपण 'सारखा' म्हणतो ना, तोच सूर. आणि टोपीचं वाक्य एकदा घडलेलं, तिथे यूज्ड टू पण नाही, वुड पण नाही, सरळ थ्रू.

सरळसोट

मास्तर मस्त सांगितलंत पण मी म्हणतो इतकं डोकं कशाला लावायचं, सगळीकडे साधा भूतकाळ टाका आणि मोकळे व्हा. लिव्हड, वोक, रॅन, केम, वेंट. व्याकरणाची चूक एकही निघणार नाही. न्यू जर्सीतली पोरं काय परीक्षेला बसलीयेत का, त्यांना गोष्ट कळल्याशी मतलब. वुड-बिड लावायला जाल आणि राहणं कृती की स्थिती यात अडकाल.

गिरणगावची_नात

सर खूप खूप धन्यवाद, एवढं नीट कुणी सांगितलंच नव्हतं. सरळसोट, तुमचंही पटतंय पण सगळं साधं केलं तर रोजचं कुठलं आणि एकदाच झालेलं कुठलं यातला फरक पुसला जातो असं वाटतं, टोपीचा किस्सा पण बाकीच्या रांगेत जाऊन बसतो.

अजून दोन शंका. एक म्हणजे आजोबांनी पुढे लिहिलंय, 'पाऊस पडला की आम्ही गॅलरीत पत्ते खेळायचो.' मी 'इफ इट रेन्ड वी वुड प्ले कार्ड्स' केलं तर भाऊ म्हणतो हे तर 'पाऊस पडला तर खेळू' असं काल्पनिक वाटतंय. दुसरी म्हणजे 'धाकटी बहीण कारलं खायची नाही.' वुडन्ट ईट?

आणि ते 'शाळेत गेलेलो असायचो' तर मी अजून हातच लावलेला नाहीये, घाबरून.

भाषांतराची_हमाली

ताई, मी हेच काम पोटासाठी करते, तेही उलट्यासुलट्या दोन्ही दिशांनी, म्हणून जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

पावसाचं आधी. तुमच्या भावाचं म्हणणं खोटं नाही, 'इफ इट रेन्ड वी वुड प्ले' या वाक्याला खरंच दोन अर्थ आहेत, एक जुनी सवय आणि एक काल्पनिक. आजूबाजूला सगळं १९५० च्या दशकातलं चालू असेल तर कुणी चुकीचा अर्थ घेणार नाही, पण धोका तरी कशाला, इफ काढा आणि व्हेनेव्हर किंवा व्हेन घाला. 'व्हेनेव्हर इट रेन्ड वी वुड सिट इन द गॅलरी अँड प्ले कार्ड्स.' संपला प्रश्न. आपलं 'पडला की' हे तसंही जर पेक्षा जेव्हा-जेव्हाच्या जवळचं आहे. फक्त गॅलरी शब्द अमेरिकन मुलांना चित्रांच्या प्रदर्शनात नेईल, चाळीची गॅलरी म्हणजे काय ते एकदा समजावून द्या.

कारल्याचं प्रकरण फार छान आहे. वुडन्ट ईट म्हणजे नुसतं खायची नाही एवढंच होत नाही, तर खायला तयारच नसायची, हट्टाने नकार द्यायची असं होतं. द कार वुडन्ट स्टार्ट म्हणतात ना, गाडी जणू अडून बसली, तोच वुडन्ट. त्यामुळे बहीण तोंड मिटून बसत असेल तर वुडन्ट ईट अगदी योग्य आणि खूप जिवंत. पण नुसतं सांगायचं असेल की तिला कारलं चालायचं नाही, तर डिडन्ट ईट किंवा नेव्हर एट. आजोबांनाच विचारा हट्ट होता का म्हणून, सुदैवाने तुम्हाला विचारायला माणूस आहे, आम्हाला लेखक कधी भेटत नाहीत.

प्रश्न विचारतानाही वुड टाळा बरं का. आजोबांना उद्या मुलं फोनवर विचारतील तेव्हा 'वुड यू गो बाय बोट' विचारलं तर ते आमंत्रण वाटेल. 'डिड यू गो बाय बोट' किंवा 'डिड यू यूज टु गो'.

आता घाबरवणारं वाक्य. 'वडील घरी यायचे तेव्हा आम्ही शाळेत गेलेलो असायचो.' मराठीत किती सहज आलंय बघा, गेलेलो म्हणजे आधीच होऊन गेलेलं, असायचो म्हणजे रोजचं. इंग्रजीतही दोन्ही एका जागी बसवता येतं, 'बाय द टाइम फादर केम होम फ्रॉम द नाइट शिफ्ट, वी वुड ऑलरेडी हॅव लेफ्ट फॉर स्कूल.' हे पूर्ण बरोबर आहे. थोडं जड वाटलं तर 'वी हॅड युज्वली लेफ्ट फॉर स्कूल', रोजचंपण युज्वलीने सांभाळलं. हॅड इथे हक्काचं आहे कारण दोन घटना आहेत, एक आधी एक नंतर. उगाच नको. आपल्याकडे 'गावी गेलो होतो' म्हणतात म्हणून लोक 'लास्ट इयर आय हॅड गॉन टु गाव' लिहितात, तिथे नुसतं वेंट पाहिजे, नाहीतर वाचक पुढच्या घटनेची वाट बघत बसतो.

आणि लघुरूप वापरणार असाल, वी आणि त्याला चिकटलेला ड, तर पुढचं क्रियापद बघा. वीड लेफ्ट असेल तर तो हॅड, वीड लीव्ह असेल तर वुड. बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतं.

सरळसोटभाऊ, तुमच्याशी मी अर्धी सहमत. चूक निघणार नाही हे खरं. पण ताई जे म्हणतायत ना की टोपीचा किस्सा रांगेत जाऊन बसतो, तेच कारण आहे वुड वापरायचं. चार वाक्यं वुडची सवय लावून मग एकदम 'वन इयर ही थ्रू हिज कॅप इंटु द सी' आलं की वाचणारा सावरून बसतो, कळतं की आता खरी गोष्ट सुरू झाली. म्हणून मी हा परिच्छेद असा करीन, माझ्या पद्धतीने, तुम्ही हवं ते बदला -

'सेव्हन ऑफ अस लिव्हड इन अ टेन-बाय-टेन रूम. बिफोर डॉन द मिल सायरन वेंट ऑफ अँड द होल चाळ वोक अप. माय मदर रॅन अ खानावळ, अँड मिल हँड्स हू लिव्हड अलोन वुड कम टु अस फॉर देअर मील्स. बाय द टाइम फादर केम होम फ्रॉम द नाइट शिफ्ट, वी वुड ऑलरेडी हॅव लेफ्ट फॉर स्कूल. एव्हरी मे वी वुड टेक द स्टीमर फ्रॉम भाऊचा धक्का टु अवर व्हिलेज. माय मिडल ब्रदर वॉज ऑल्वेज पिकिंग फाइट्स. वन इयर, ऑन द बोट, ही थ्रू हिज कॅप इंटु द सी, अँड फादर थ्रॅश्ड हिम ऑन द स्पॉट.'

मोजून बघा, यूज्ड टू एकदाही आलेलं नाही आणि तरी सगळं रोजचं वाटतंय. खानावळ आणि चाळ तसेच ठेवलेत, मेस म्हटलं की त्यातली आई निघून जाते.

निवृत्त_मास्तर

परिच्छेद झकास. फक्त एक पुरवणी. मी वर वुड स्थितीला नको म्हटलं म्हणून कुणी स्टे-लाही घाबरू नका. 'एव्हरी मे वी वुड स्टे विथ अवर ग्रँडमदर' हे चालतं, कारण दर वर्षी जाऊन राहणं ही परत परत होणारी घटना झाली. कायमचं वास्तव्य म्हणजे लिव्ह, तिथे नाही. हॅवचंही तसंच, वुड हॅव टी चालेल कारण तो चहा पिणं आहे, 'वुड हॅव अ रेडिओ' चालणार नाही, रेडिओ घरात असणं ही स्थिती.

अजून एक ठिकाण जिथे हमखास घसरतात. किती वर्षं किंवा एकूण किती वेळा हे सांगितलं की यूज्ड टू आणि वुड दोन्ही बाद. 'आय यूज्ड टु गो टु दॅट स्कूल फॉर सिक्स इयर्स' नको, 'आय वेंट टु दॅट स्कूल फॉर सिक्स इयर्स'. आकडा आला म्हणजे काळाचा तो तुकडा मोजून बंद केलास, आता तो साध्या भूतकाळाचा. पण आठवड्यातून तीन वेळा वगैरे वारंवारता असेल तर चालतं, ट्वाइस अ वीक वी वुड गो, काही हरकत नाही.

हिंजवडी_लेन_तीन

धागा हायजॅक करतोय सॉरी, पण मास्तर हे जॉब इंटरव्ह्यूला पण लागू आहे का? मी आधीच्या कंपनीतल्या कामाबद्दल 'आय वॉज हँडलिंग क्लायंट कॉल्स, आय वॉज मेकिंग रिपोर्ट्स' असंच बोलतो, सगळेच बोलतात.

भाषांतराची_हमाली

सगळेच बोलतात आणि भारतात कुणी दचकत नाही, हे मान्य. पण परदेशी क्लायंट किंवा बायोडेटा असेल तर हँडल्ड, मेड, मॅनेज्ड. वॉज हँडलिंग म्हणजे तात्पुरतं, कुणीतरी रजेवर होतं म्हणून तू बघत होतास असं वाटू शकतं. त्या महिन्यापुरतं खरंच तसं असेल तर मग बरोबर आहे, 'दॅट मंथ आय वॉज हँडलिंग हर क्लायंट्स टू'. यूज्ड टू हँडल पण जपून, ऐकणारा विचारेल मग का सोडलं. आणि कुणाचं शिफारसपत्र लिहायची वेळ आली तर 'शी यूज्ड टु कम ऑन टाइम' कधीही लिहू नका, बिचारीची नोकरी जायची.

सरळसोट

हे शेवटचं भारी होतं 😂 पण मी अजून माझ्या मतावर ठाम आहे, बोलताना सिंपल पास्ट.

बाय द वे डिडन्ट यूज टू की डिडन्ट यूज्ड टू? दोन्ही बघितलंय.

निवृत्त_मास्तर

डिडन्ट आलं की पुढे मूळ रूप, म्हणून डिडन्ट यूज टू, ड शिवाय. ड लावलेलं पुष्कळ छापलेलं दिसतं, कारण उच्चारात दोन्ही यूस्टूच ऐकू येतं, पण परीक्षेत लिहिलंत तर मी मार्क कापीन. नेव्हर यूज्ड टू म्हटलं तर कटकटच नाही. आणि वर्तमानातल्या सवयीला 'आय यूज टु वेक अप अर्ली' म्हणणारे महाभाग आहेत, आजच्या इंग्रजीत तसं नसतं, तिथे साधं आय वेक अप अर्ली.

गिरणगावची_नात

तुम्ही सगळ्यांनी अख्खं पान सोडवून दिलंत. आजोबांना फोन केला, बहिणीचा हट्टच होता, कारलं ताटात वाढलं की ताट ढकलायची, म्हणून वुडन्ट ठेवतेय.

शेवटची दोन वाक्यं सांगा, मग त्रास देत नाही. 'वडील कधीमधी आम्हाला ट्रामने राणीच्या बागेत न्यायचे' आणि 'चाळीत दरवर्षी गणपती बसायचा, सगळी पोरं आरास करायची.' दोन्हीला वुड ना?

भाषांतराची_हमाली

ट्रामला वुड छान. 'ऑन सम संडेज फादर वुड टेक अस टु राणीची बाग बाय ट्राम', रविवारच होता का ते मात्र आजोबांना विचारून, नाहीतर संडेज काढून नाउ अँड देन. ट्राम स्वतःच विषय असेल तर यूज्ड टू, 'ट्राम्स यूज्ड टु रन इन बॉम्बे', १९६४ साली मुंबईतली शेवटची ट्राम धावली तेव्हा आता-नाही हे खरंच आहे.

गणपतीला थांबा. तुमच्या चाळीत अजून बसतो का? बसत असेल तर यूज्ड टू अजिबात नको, न्यू जर्सीतली पोरं समजतील बंद पडला. मी वाक्य तोडीन. 'एव्हरी इयर द चाळ ब्रॉट होम अ गणपती, अँड इट स्टिल डझ. वी चिल्ड्रन वुड डू द डेकोरेशन.' गणपती आजही येतो म्हणून स्टिल डझ, आरास करणारी पोरं मात्र आता आजोबा झाली म्हणून वुड.

गिरणगावची_नात

बसतो की, यंदा आरास माझ्याच गळ्यात आहे. स्टिल डझ टाकलं.